डोळ्यांनी चालणाऱ्यांची फरशी

मराठी मध्यमवर्गाला पाय नसतात, असं माझं मत हळूहळू पक्कं होत चाललं आहे. डोळे असतात. तोंड तर असतंच, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण पाय? असते तर ज्या वस्तूवर जन्मभर चालायचं ती निवडताना त्याने एकदा तरी चप्पल काढली असती. टाइल्सच्या शोरूममध्ये मी लोकांना लादीवरून हात फिरवताना पाहिलंय, तिच्यात तोंड बघून केस सारखे करताना पाहिलंय, तिचा फोटो नणंदेला पाठवून होकाराची वाट बघताना पाहिलंय. तिच्यावर अनवाणी पाय ठेवून बघणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

अर्थात त्यांचीच चूक आहे असंही नाही. शोरूममध्ये फरशी जमिनीवर नसतेच, भिंतीवर असते. उभी, चौकटीत, वरून दिव्याचा झोत. जी बापडी पुढची तीस वर्षं आडवी पडून लाथा खाणार, तिची सगळी बोलणी उभ्याउभ्या उरकतात. पूर्वी मुलगी बघायला येणारे निर्लज्ज होते, मान्य. पण ‘जरा चालून दाखव’ एवढं तरी म्हणायचे. इथे तेवढीही चौकशी नाही. रंग गोरा आहे ना? चमकते ना? मग उडवा बार.

सेल्समन मोठा गोड माणूस असतो. ‘काका, हे बघा. स्टॅच्युएरिओ. इटालियन.’

काका हरखतात. ‘इटलीहून येतं?’

‘इटालियन लुक, काका. माल मोरबीचा.’

या उत्तरात जो आत्मविश्वास आहे, तो मला फार आवडतो. इटलीत कारारा नावाचं गाव आहे, तिथल्या डोंगरातून करड्या शिरांचा पांढरा संगमरवर निघतो. सौराष्ट्रात मच्छू नदीकाठी मोरबी आहे, आणि आपल्या देशातली बहुतेक सिरॅमिक टाइल तिथल्या भट्ट्यांतून बाहेर पडते. दोन्ही गावं आपापल्या जागी थोर. मोरबीवाला माती, फेल्डस्पार आणि गारेची पूड प्रचंड दाबाखाली दाबतो, तिच्यावर शाईच्या फवाऱ्याने कारारातल्या दगडाचा फोटो छापतो आणि सगळं मिळून बाराशे अंशांच्या आसपास भाजून काढतो. वस्तू अव्वल निघते. टणक, टिकाऊ, पाण्याला दाद न देणारी. त्या कारागिरीला माझा नमस्कार. माझं भांडण भट्टीशी नाही, फोटोशी आहे. फोटो छापायलाही मर्यादा असते हो. मोजके साचे असतात, तेच पुन्हा पुन्हा येतात. मग दिवाणखान्यात सोफ्याजवळ जी शीर डावीकडे फाटा फोडते, तीच टीव्हीखाली फोडते, तीच देवघरापाशी फोडते. डोंगराला इतकी शिस्त कुठून आली, हा प्रश्न पाहुण्यांना पडतो. ते विचारत नाहीत. त्यांच्या घरीही तीच शीर आहे.

लाकडाची कथा याहून सुरस. लाकडाचा फोटो मातीच्या लादीवर, ती ‘वुडन टाइल’. लाकडाचा फोटो दाबलेल्या भुशाच्या पाटीवर, ते लॅमिनेट. लाकडाचा फोटो चुनखडीची पूड घातलेल्या प्लास्टिकवर, ते एसपीसी. एका लाकडाचे तीन फोटो, आणि लाकूड कुठेच नाही! यातलं लॅमिनेट विकताना ‘एसी-४’ असा एक आकडा भक्तिभावाने सांगतात. तो आकडा घासण्याबिसण्याचा आहे. ओरखडे किती सोसतं, एवढंच तो सांगतो. कोकणकिनाऱ्यावर जुलै महिन्यात हवेतून पाणी पिळून काढता येतं, त्या दिवसांत भुशाची पाटी काय करते, याबद्दल तो आकडा तोंड उघडत नाही. पाटी मात्र उघडते. सांध्यांपाशी फुगते, कडेला भिंतीशी जागा सोडली नसेल तर मधोमध उचलली जाते, आणि घरमालक म्हणतो, ‘माल डुप्लिकेट दिला.’ अहो, डुप्लिकेट म्हणूनच तर घेतला होतात!

आता कळस ऐका. सध्याची अतिउच्च अभिरुची म्हणजे ‘काँक्रीट लुक’. करड्या रंगाची, थोडी डागाळलेली, मुद्दाम उदास केलेली लादी. आजोबांच्या घरी सिमेंटचा कोबा होता, कारण पैसे नव्हते. वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढून त्यावर मोझाइक घातली, कारण कोब्याची लाज वाटायची. थोरल्या भावाने मोझाइकवर पांढरीशुभ्र व्हिट्रिफाइड चढवली, कारण मोझाइकची लाज वाटायची. आणि आता धाकटे चिरंजीव बंगळुरूहून येतात, ते सगळं फोडतात, सिमेंटचा नवा थर घालतात आणि त्या सिमेंटवर सिमेंटचा फोटो छापलेली लादी बसवतात. खाली खरा कोबा, वर कोब्याचं छायाचित्र. याला म्हणतात मिनिमलिझम. आजोबा हयात असते तर त्यांनी एवढंच विचारलं असतं, ‘लेका, मग मधला खर्च कशाला केलास?’

ज्यांची नक्कल चालली आहे त्यांच्याकडेही बघा. १९२२ साली, स्वदेशीच्या भरात, सिधवा मंडळींनी भारत टाइल्स काढली. कारखाना उरणला. विलायतेहून टाइल येत होती, तिला तोडीस तोड देशी सिमेंटची टाइल करून दाखवायची, ही ईर्षा. त्या टाइलवर फोटो नव्हता. रंगीत सिमेंट साच्यात ओतायचं आणि दाबयंत्राखाली दाबायचं. नक्षी वरच्या थराच्या जाडीतच उतरलेली, त्यामुळे पिढ्यानुपिढ्या पाय घासले तरी फूल फूलच राहतं. मुंबईतल्या जुन्या इमारतींत अशा फरश्या होत्या. आपण काय केलं? फोडल्या, गोणीत भरल्या, राबिट म्हणून ट्रकमध्ये घातल्या. आणि आता त्याच नक्षीचा फोटो छापलेली लादी ‘हेरिटेज कलेक्शन’ म्हणून बाल्कनीत दोन ओळींत लावतो. मूळ फेकून झेरॉक्स लॅमिनेट करून ठेवण्याच्या या राष्ट्रीय छंदाला माझा त्रिवार मुजरा.

इथे काही वाचकांचे डोळे पाणावले असतील. पुसा ते. आता तुम्ही मला सारवलेल्या अंगणाविषयी सांगणार. शेणाचा तो गंध, चोपलेली ती मऊशार जमीन, उन्हाळ्यातला तो गारवा. मी विचारतो, सारवलेल्या जमिनीवर गहिवरून लिहिणारा लेखक दर वेळी पुरुषच कसा असतो? सारवणारी बाई ओणवी होती. दर चार दिवसांनी शेणाचा पो फिरवताना तिच्या पाठीचा काटा ढिला व्हायचा. तिने त्यावर ललित लेख लिहिला नाही, तिला पाणी भरायचं होतं. तेव्हा स्मरणरंजन आवरा. शहाबादी फरशीचे सांधे आणि त्यातून निघणारी मुंग्यांची पलटणही मी पाहिली आहे. मला जुनं नको आहे. जे आहे ते आहे असं म्हणणारं हवं आहे. शहाबादी, कोटा, कडप्पा या दगडांचा मला आदर वाटतो तो एवढ्याचसाठी. कर्नाटकातलं शहाबाद, राजस्थानातलं कोटा, आंध्रातलं कडप्पा. दगड आपल्या गावाचं नाव लावतो आणि गप पडून राहतो. कारारा लुकचा आव आणत नाही.

‘आम्ही बाई खरा मार्बलच घातलाय,’ असं म्हणणारा वर्ग वेगळा. हे उच्चभ्रू. यांच्या घरी जाताना रसायनशास्त्राचं पुस्तक बरोबर न्यावं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आंबट पडलं की तो विरघळतो. डाग पडत नाही, चक्क पृष्ठभाग खाल्ला जातो. आणि हा दगड कुणी घातला? ज्यांच्या जेवणात लिंबाची फोड, ताक, सोलकढी, चिंचेची आमटी आणि आमसुलाचं सार यांच्याशिवाय पान हलत नाही, त्यांनी! म्हणजे एकतर सोलकढी सोडा, नाहीतर संगमरवर सोडा. यांनी तिसरा मार्ग काढला आहे. हॉलमध्ये कुणालाच जेवू देत नाहीत. शिवाय कडकपणाच्या मोह्स मोजपट्टीवर संगमरवरातलं कॅल्साइट तीनवर, रेतीतली गार सातवर. चपलेच्या तळाला चिकटून आलेला फुकटचा कण तुमच्या लाखमोलाच्या दगडावर बिनदिक्कत रेघ ओढतो. कोटा आणि शहाबादीही चुनखडीचेच भाऊ. तेव्हा संडास धुवायचं अॅसिड त्यांच्यावर ओतून ‘पॉलिश गेलं’ म्हणून गळा काढू नये. पॉलिश गेलं नाही, तुम्ही घालवलंत. फरक एवढाच की कोट्यावर पुन्हा घिसाईचं मशीन फिरवता येतं, चार दिवस घरात करडा चिखल होतो आणि दगड परत उजळतो. फोटोवर घिसाई करता येत नाही.

चमक या विषयावर मला थोडं गंभीर व्हायचं आहे. झालो. लादी पायाला किती धरते हे मोजायची एक जर्मन पद्धत आहे. उताराच्या फळीवर लादी बसवतात, वर तेल ओततात, एका माणसाला त्यावर चालायला लावतात आणि उतार हळूहळू वाढवत नेतात. माणूस कुठे घसरला त्यावरून आर-९ ते आर-१३ असा दर्जा ठरतो. आपल्याकडेही हा प्रयोग होतो. घरोघरी होतो, विनामूल्य होतो. फक्त फळीवर उभा केलेला माणूस म्हणजे आपली आजी असते, तेलाच्या जागी साबणाचं पाणी असतं आणि निकाल अस्थिरोग विभागात लागतो. बाथरूममध्ये ग्लॉसी लादी लावणाऱ्या माणसाला मी विचारलं, ‘आई सत्तरीच्या, ही का घेतलीत?’ तो म्हणाला, ‘मॅट बरोबर दिसत नाही हो, डल वाटते.’ खुब्याच्या एक्सरेत मात्र सगळं स्वच्छ दिसतं.

पुढची गंमत अशी की, पडझड झाल्यावर फरशी बदलत नाहीत. तिच्यावर रबरी मॅट घालतात. हॉलमध्ये गालिचा घालतात. सोफ्याखाली लोकर, देवघरात सतरंजी, ओट्यापाशी पायपुसणं. चमकेसाठी चौरस फुटाला जास्तीचे पैसे मोजायचे आणि मग ती चमक दिसू नये म्हणून वेगळे पैसे मोजायचे. अर्थशास्त्रज्ञांनी याला काहीतरी नाव द्यावं. मी दिलेलं नाव संपादक छापणार नाहीत.

निवड झाली. आता बसवायचं. लादी पसंत करायला तीन रविवार घालवणारं कुटुंब मिस्त्री ठरवायला एक फोन करतं. प्रश्न एकच, ‘ब्रासला किती?’ जणू फरशी म्हणजे लादीच, खालचं सगळं आपोआप होतं. वास्तविक दहा मिलिमीटरची लादी हा नुसता वरचा पापुद्रा. फरशी म्हणजे तिच्याखालचा थर, त्याची पातळी, त्याचा ढाळ आणि त्यावर बसलेला माणूस.

व्हिट्रिफाइड लादी अर्धा टक्काही पाणी पीत नाही. जाहिरातीत हेच तिचं भूषण. पण सिमेंटचा माल लादीला धरतो तो तिच्या बारीक छिद्रांत शिरून. छिद्रंच नाहीत तर तो धरणार काय? म्हणून तिला वेगळं अॅडेसिव्ह लागतं, ज्याला मिस्त्री ‘केमिकल’ म्हणतो. त्यासाठी आयएस १५४७७ असं रीतसर भारतीय मानक आहे. ते दातेरी थापीने सगळीकडे सारखं ओढायचं, लादी दाबून बसवायची, म्हणजे पाठ पूर्ण भरते. प्रत्यक्षात काय होतं? चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे मालाचे पाच लाडू ठेवले जातात, वर लादी टेकवली जाते आणि रबरी हातोडीचे चार ठोके. वरून लेव्हल चोख! आत सगळी पोकळी. सहा महिन्यांनी कुकरचं झाकण कोपऱ्यावर पडतं आणि लादी तडकते. दोष कुकरचा. काम चालू असतानाच एक रुपयाचं नाणं घेऊन लादीवर टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक. ढबढब वाजली तर तिथल्या तिथे उचलायला लावा. मिस्त्री तोंड वाकडं करेल. करू दे.

आता जॉइंट. ‘आम्हाला जॉइंट दिसायला नकोत’ ही या शतकातली मोठी सांस्कृतिक मागणी आहे. लादीला लादी खेटून, मध्ये केसही जाता कामा नये. का? तर अखंड दगड वाटला पाहिजे. पदार्थ तापला की प्रसरण पावतो, हे सातवीत आपण पाच मार्कांसाठी लिहिलं आणि तिथेच सोडून आलो. वर लादी तापते, खाली स्लॅब आपल्या वेळेने आक्रसतो, वाकतो, आणि मधल्या लाद्यांना सरकायला रेघभरही जागा नसते. मग एका रात्री दीड वाजता धडाड् असा आवाज होतो. हॉलच्या मधोमध दोन ओळी तंबूसारख्या उभ्या! सोसायटी जागी होते. कुणी म्हणतं भूकंप, कुणी म्हणतं सिलिंडर, चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात करणी. दोन-तीन मिलिमीटरचा प्लास्टिकचा स्पेसर आणि भिंतीकडेला स्कर्टिंगखाली सोडलेली बोटभर जागा, एवढ्या भांडवलावर ही करणी उतरली असती.

स्नानगृहात तर विज्ञान आणि अध्यात्म हातात हात घालून घसरतात. वास्तुवाले सांगतात, पाण्याचा ओघ ईशान्येला हवा. बिल्डरने नहाणी ट्रॅप ठेवलाय नैर्ऋत्येला. मग ढाळ कुठे काढायचा? मिस्त्री सुज्ञ असतो, तो कुठेच काढत नाही. पाणी मध्यभागी ब्रह्मस्थानी साचतं. सर्व दिशांना समान न्याय! तिथून ते फटींतून खाली उतरतं आणि खालच्या मजल्यावरच्या देशपांड्यांच्या छतावर जगाचा नकाशा उमटतो. त्यानंतर पत्रापत्री, कमिटी, सर्वसाधारण सभा. आदर्श उपविधींत लिहून ठेवलंय की फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती ज्याची त्याने निस्तरायची. पण उपविधी वाचतं कोण? ग्राउट भरलं म्हणजे पाणी अडलं, असं वाटणारे वकीलही मी पाहिलेत. ग्राउट पाणी अडवत नाही. अडवतं ते लादीखालचं वॉटरप्रूफिंग. ते केल्यावर लादी बसवण्याआधी बाथरूममध्ये पाणी भरून दोन दिवस ठेवायचं आणि खाली जाऊन छत बघायचं, एवढी ही साधी परीक्षा. पण ‘दोन दिवस काम बंद?’ असं म्हणून आपण ती टाळतो आणि पुढे दोन वर्षं देशपांड्यांना जिन्यात टाळतो.

बिल्डरचा उल्लेख झालाच आहे. करारनाम्याच्या शेवटच्या पानांत सुखसोयींची यादी असते. ‘नामांकित कंपनीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स किंवा तत्सम.’ काय भारदस्त भाषा! या ‘तत्सम’मध्ये अखिल ब्रह्मांड मावतं. नमुना फ्लॅटमध्ये तुम्ही जिच्यावर चाललात (चाललात? नाही, जिच्याकडे बघितलंत) ती लादी ताब्याच्या वेळी गायब असते, तिची दूरची चुलत बहीण तिथे असते. २०१६च्या रेरा कायद्यात सोय आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवलात, तर बिल्डरने तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पण त्यासाठी मूळ फरशी जागेवर असावी लागते ना? आपण किल्ली हातात पडताच पहिलं काम कोणतं करतो? नवीकोरी फरशी फोडतो. ‘बिल्डरची टाइल हो, आपल्याला नाही आवडत.’ मग फोडताना खालचं वॉटरप्रूफिंगही फोडतो. आणि मग गळती लागली की बिल्डरला नोटीस. बिल्डर ती वाचून हसतो. त्याच्या जागी मीही हसलो असतो.

दुरुस्ती हा आपल्याकडे कलेचा प्रकार आहे. लादी फुटली की तिच्यावर कुंडी येते. कुणाच्याही घरात शिरून, कुंडी, मूढा आणि विनाकारण मधोमध ठेवलेला टीपॉय कुठे आहे ते पाहून मी सांगू शकतो, लादी कुठे फुटली आहे. बदलायची तर तीच लादी हवी. दुकानात जाता, तर ते डिझाइन बंद झालेलं. चालू असलं तरी शेड वेगळी. पेटीवर लॉट आणि शेड छापलेली असते, ती कुणी वाचत नाही. एकाच नावाची लादी दोन भट्ट्यांत दोन रंगांची होते, हे दुकानदार जाणतो आणि तुम्ही घरी गेल्यावर जाणता. उपाय हास्यास्पद इतका स्वस्त आहे. खरेदीच्या वेळीच एक पेटी जास्त घ्या आणि माळ्यावर टाका. पण माळ्यावर जागा कुठे आहे? तिथे मिक्सरचा रिकामा खोका आहे, २००९ सालचा.

ज्यांना फोडाफोडी नको त्यांच्यासाठी ‘लादीवर लादी’ हा नवा पंथ निघाला आहे. एका दिवसात नवं घर, धूळ नाही, कटकट नाही! जमतं हे, खालची फरशी घट्ट असेल तर जमतं. पण हिशेब करा. दहा मिलिमीटरची लादी चौरस मीटरला बावीस-तेवीस किलो, वर केमिकल. पाचशे चौरस फुटांच्या घरात स्लॅबवर सव्वा टनाहून अधिक नवं ओझं. चाळीस वर्षांच्या इमारतीत, जिच्या गंजलेल्या सळ्या पार्किंगमधून दिसतात, तिथे सगळ्या मजल्यांवर सगळ्यांनी हेच केलं तर? तो प्रश्न स्ट्रक्चरल ऑडिटवर सोडलेला असतो, आणि ऑडिट पुढच्या सभेवर. तोवर दरवाजे खालून तासायचे, कारण ते उघडत नाहीत. बाथरूमचा उंबरा बुडतो, कारण हॉल उंच झाला. एका दिवसात नवं घर आलं खरं. जुन्यातच अडकलं.

आणि आता ज्या माणसाबद्दल या सगळ्यात कुणी बोलत नाही, त्याच्याबद्दल. लादी कापायचा कटर सुरू होतो तेव्हा जी पांढरी धूळ उडते, तिच्यात गारेची सूक्ष्म पूड असते. ती फुप्फुसात गेली की परत येत नाही. सिलिकोसिस म्हणतात त्याला, आणि त्याच्यावर इलाज नाही. याच धुळीपायी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ओट्यांसाठी वापरला जाणारा कृत्रिम क्वार्ट्झचा दगडच बंद केला. अख्खा धंदा बंद! आपल्याकडचा लादीवाला तोंडाला हातरुमाल बांधतो आणि बाल्कनीत उकिडवा बसून दिवसभर कटर चालवतो. पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ बरीच बसते. पण धार सोडायची नाही, कारण मॅडमच्या भिंतीवर शिंतोडे उडतात. भिंत धुता येते हो, मॅडम. फुप्फुस नाही.

याच माणसासाठी सोसायटीच्या फलकावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं : ‘कामगारांनी लिफ्टचा वापर करू नये.’ पंचवीस-तीस किलोची एकेक पेटी खांद्यावर घेऊन तो सात मजले चढतो. लादी लिफ्टमधून जात नाही, लादीवाला जात नाही. कुत्रा जातो. संध्याकाळी हिशेबाला बसताना याच माणसाच्या ब्रासमागच्या दरात घासाघीस होते, ‘शेजारी तर कमीत केलं.’ लादीच्या किमतीत एक रुपया कमी करा म्हणायची छाती मात्र एसी शोरूममध्ये झाली नव्हती. तिथे कॉफी मिळाली होती ना.

याच माणसाला पातळी कळते, ढाळ कळतो, आवाजावरून पोकळी कळते. आणि त्याला कुणी विचारत नाही. विचारतात इंटिरियरवाल्याला, ज्याचा गुण्याशी आणि ओळंब्याशी शेवटचा संबंध कॉलेजात आला होता. चुकीचं निवडायला तज्ज्ञ, बरोबर बसवायला सर्वांत स्वस्त मजूर, आणि बिघडल्यावर नशीब. आपल्या घरबांधणीचं हे त्रिसूत्री तत्त्वज्ञान आहे. यातून जी फरशी निर्माण होते ती आपल्याला अगदी शोभून दिसते.

म्हणून, हुशार वाचका, तुझ्यासाठी एक चाचणी. शोरूममध्ये जा. सगळ्यांत चमकणारी, सगळ्यांत इटालियन, सगळ्यांत महागडी लादी भिंतीवरून खाली काढायला लाव. जमिनीवर ठेव. पिशवीतून पाण्याची बाटली काढ आणि तिच्यावर ओत. मग त्या गोड सेल्समनला म्हण, ‘बूट काढ बाबा, आणि यावरून जरा झपझप चालून दाखव.’ तो चालणार नाही. तो आधी पोऱ्याला फडकं आणायला सांगेल. झालं, उत्तर मिळालं. कॉफी पिऊन घरी ये.